नाव वगळलेली बाई

पडद्यावर सादरीकरणाचे सातवे चित्र आले तेव्हाही बुरुलचाची बोटे थांबली नाहीत. बावीस वर्षांच्या सवयीने ती ऐकत होती आणि ऐकलेले कळफलकावर उतरवत होती. ऐकणे आणि उतरवणे यांच्या मधे मनाची जी जागा असते, ती संसदेच्या समितीच्या बैठकीत रिकामी ठेवायला ती फार पूर्वी शिकली होती. लांब टेबलाच्या टोकाला, सभापतींच्या पाठीमागे तिची छोटी खुर्ची असे आणि ती ही खुर्ची नेहमी किंचित तिरपी ठेवी, बोलणारे सगळे आपल्या उजव्या हाताला येतील अशी. ही तिची लकब आहे, असे सगळे धरून चालत. बाहेर फेब्रुवारीतला कोळशाचा धूर खिडक्यांना टेकून उभा होता. दिव्यांखाली बसलेल्या माणसांचे चेहरे दुपारीच संध्याकाळचे दिसत होते. देशभरच्या दवाखान्यांचे कागद एकत्र करणाऱ्या एकनोंद केंद्राचे संचालक अझामत मुकानोविच पडद्याकडे बोट करून वाचत होते. "स्त्री. जन्म पंचाहत्तर साल. आक्सी जिल्हा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी क्षयाच्या दवाखान्यात आठ महिने. तिथल्या इंजेक्शनांमुळे डाव्या कानानं कमी ऐकू येतं. पुढे राजधानीत दोन बाळंतपणं. पहिला मुलगा चौथ्या महिन्यात गेला, फुप्फुसाचा विकार. बघा, तीन गावांतल्या तीन कपाटांतले हे कागद, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे. एकत्र यायला वेळ किती लागला? तीन सेकंद." बुरुलचाने 'तीन सेकंद' लिहिले, पूर्णविराम दिला, आणि मग तिला कळले की ही बाई आपण आहोत.

कळले तेही एखादी दूरची बातमी कळावी तसे. फक्त घशाशी खोकला आला आणि तिने तो गिळला. खोकला गिळण्याची ही विद्या तिने एकोणिसाव्या वर्षी कमावली होती. दवाखान्यातून सुटल्यावर आईने पहिल्यांदा हेच शिकवले होते, की लोकांत असताना जीभ टाळूला लावायची, नाकाने श्वास घ्यायचा, डोळ्यांत पाणी आले तर मान खाली घालून बुटाची नाडी बांधायची. गावात सांगितले होते की पोरगी राजधानीत टंकलेखन शिकायला गेली आहे, आणि खोटे खरे व्हावे म्हणून आईने तिला त्यानंतर खरोखरच टंकलेखन शिकायला पाठवले. सारे आयुष्य त्या एका थापेच्या पोटातून निघाले होते. ही नोकरी, हे शहर, कुबान, कुबानचे घर. कुबानला तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितले होते. तो दार लावून आला आणि म्हणाला, "आपाला सांगू नकोस." आपा म्हणजे त्याची आई. त्यानंतर मुलगा झाला, चार महिन्यांनी गेला. त्या विषयावर नवराबायको पुन्हा कधी बोलली नाहीत. कुबानला जाऊनही आता तीन वर्षे झाली होती. त्याच्याबरोबर ती गोष्टही मातीत गेली असे तिला वाटले होते. पण कागद मातीत जात नाहीत. दवाखान्यातला कागद दक्षिणेत होता, बाळंतपणाचा इथे, बाळाच्या मृत्यूचा तिसरीकडेच. तीन कपाटे एकमेकांना ओळखत नव्हती, आणि त्या अनोळखीपणाच्या भरवशावर ती पंचवीस वर्षे झोपत आली होती.

"एक विचारू का, अझामत मुकानोविच?" टेबलाच्या पलीकडून शामशी बाइके, म्हणजे शामशीदादा, बोलले. सत्तरी ओलांडलेले हे खासदार पूर्वी गुरांचे डॉक्टर होते, आणि प्रत्येक प्रश्न विचारण्याआधी ते चष्मा काढून ठेवत. "ही बाई खरी आहे का?"

"नाही हो, बाइके. नमुना आहे. आम्ही रचलाय, दाखवण्यापुरता. आणि खरी असती तरी काय? नाव काढलं, ओळखक्रमांक काढला. बिननावाच्या नोंदीला कोण ओळखणार? नव्या कायद्याच्या चौदाव्या कलमात तेवढंच म्हटलंय. नाव वगळलं की नोंद कंपन्यांना संशोधनाला देता येईल, दर वेळी माणसाची परवानगी मागत बसायला नको."

"रचलेली बाई आहे म्हणता, मग तिचं पोर कशाला मारलंत? रचायचंच होतं तर जगवायचं."

सगळे हसले. सभापती बेर्मेत इसाकोव्नासुद्धा हसल्या, आणि लगेच हसू आवरून घड्याळाकडे पाहू लागल्या. बुरुलचाने नियमाप्रमाणे कंसात 'हशा' असे लिहिले. हा शब्द तिने आजवर किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नव्हता. आज पहिल्यांदाच लिहिताना तो एका विशिष्ट बाळावर पडला. बाळाच्या डोक्याला दुधाचा आणि धुराचा मिसळून वास येत असे, हे तिला आठवले आणि ते कुठल्याही कपाटात नोंदलेले नाही याचे थोडे समाधान वाटले. बेर्मेत इसाकोव्ना म्हणाल्या, "चौदाव्या कलमावर उद्या अकराला मतदान. बुरुलचा एजे, इतिवृत्त सकाळपर्यंत द्याल ना? चित्रंही जोडा. उद्याच संकेतस्थळावर टाकायचंय." एजे म्हणजे ताई. इथे सगळे तिला एजे म्हणत आणि तिच्याकडे पाहत मात्र नसत.

आपल्या खोलीत येऊन तिने चित्रांची फाइल उघडली. बैठकीत संचालकांनी वरच्या चार ओळी वाचल्या होत्या, खालच्या बारीक अक्षरांना कोणी हात लावला नव्हता. त्या तिने वाचल्या. 'दवाखान्यातून सोडताना थुंकीत जंतू नाहीत. तीन तपासण्या, तिन्ही स्वच्छ.' आणि त्याखाली, मुलाच्या रकान्यात, 'फुप्फुसे जन्मतः अपुरी वाढलेली. क्षय नाही.' ती दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली, जणू दुसऱ्याच भाषेतल्या होत्या. दवाखान्यात त्या काळी रोग्याला त्याचा कागद कोणी दाखवत नसे. डॉक्टर बाहेर व्हरांड्यात आईशी बोलले, आईने कागद चुलीत घातला आणि 'बरी झालीस' एवढेच सांगितले. आई असे म्हणतेच, म्हणून बुरुलचाने त्यावर कधी पुरता विश्वास ठेवला नाही. मुलगा गेला तेव्हा राजधानीतल्या डॉक्टरला एक प्रश्न विचारायचा होता, हे माझ्यामुळे झाले का. पण तो विचारायचा तर आधी दवाखान्याचे सांगावे लागले असते, आणि शेजारी आपा उभी होती. म्हणून प्रश्न तसाच राहिला. पंचवीस वर्षे तो तिच्याबरोबर स्वयंपाकघरात उभा राहिला, तिच्याबरोबर बसमध्ये बसला, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा पाळण्याशी येऊन उभा राहिला. मुलीला पाजताना ती तोंडावर फडके बांधी आणि सर्दी आहे असे सांगे. आणि त्याचे उत्तर इतकी वर्षे एका कपाटात टाइप केलेले पडून होते. ते तिला कोणी दिले? तर ज्याला तिची परवानगी घ्यावीशी वाटली नाही, त्या माणसाने. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त बसून राहावेसे वाटले, बाजारातून फार जड पिशवी आणल्यावर दारातच बसावे तसे.

मग तिला संचालकांचे वाक्य आठवले, बिननावाच्या नोंदीला कोण ओळखणार, आणि थकव्यातही थोडे हसू आले. हे वाक्य कुठल्याही सुनेने म्हटले नसते. या देशात सून म्हणून घरात आलेल्या बाईने सासरच्या थोरांची नावे जिभेवर आणायची नसतात. बुरुलचाच्या सासऱ्याचे नाव कोयचुबेक, आणि त्यात 'कोय' म्हणजे मेंढी येते, म्हणून लग्न झाल्यापासून ती मेंढीलाही मेंढी म्हणाली नव्हती. बाजारात खाटकाला 'बँ-बँ करणारीचं दोन किलो दे' असे सांगे आणि खाटक बिचारा न हसता तोलून देई, कारण त्याच्या घरीही सून होती. थोरला दीर म्हणजे 'निळ्या फाटकातले', चुलतसासरा म्हणजे 'घोड्यावरून पडलेले', आणि हे कोणाबद्दल चालले आहे असा प्रश्न घरात कधी कोणाला पडला नाही. नाव न घेता माणूस दाखवणे ही इथल्या बायकांची रोजची भाषा होती. तीन खुणा पुरत. संचालकांनी पाच सांगितल्या होत्या. तिचे आडनावही त्याच नावावरून आले होते, त्यामुळे ते ती लिहीत असे, उच्चारत कधीच नसे. बँकेत, टपालात, जिथे कोणी नाव विचारले तिथे ती ओळखपत्र काचेखालून पुढे सरकवी.

बसमधून उतरते न उतरते तोच फोन वाजला. तिची थोरली जाऊ मैरम होती, निळ्या फाटकातली.

"काय गं, तुमच्या समितीत आज आक्सीची बाई निघाली म्हणे. मी भाजी निवडत होते, टीव्ही लावला होता."

"आक्सीत बायका काय कमी आहेत, मैरम एजे?"

"छे, कमी कशाला असतील. पंचाहत्तर साली, म्हणजे सशाच्या वर्षी जन्मलेल्या, पहिलं पोर चौथ्या महिन्यात गेलेल्या, इथं राजधानीत बाळंत झालेल्या. दहा-वीस तरी असतील. नाही का?"

"असतील."

"आणि एका कानानं कमी ऐकू येणाऱ्या. तू फोन नेहमी उजव्या कानाला लावतेस, नाही? मी आपली सहज विचारते."

"रस्त्यावर आहे मी. गाड्यांचा आवाज आहे."

"असू दे, असू दे. मी कुणाचं नाव घेतलं का? नाही घेतलं. आपानं बघितलं का ते?" आवाज खाली आणून ती म्हणाली, "म्हातारी सगळं बघते हो, तुझी मान दिसते ना कोपऱ्यात."

हे खरे होते. समितीचे कामकाज दूरदर्शनवर थेट दाखवत, आणि शहाऐंशी वर्षांची आपा ते रोज पाहत असे. देशाचे काय चालले आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात सुनेची मान आणि हात दिसत, तेवढ्यासाठी ती बसून राही आणि संध्याकाळी सांगे, "आज तू पाणी प्यायलीच नाहीस." जिना चढताना बुरुलचा प्रत्येक मजल्यावर थांबली. धूर जिन्यातही होता. आपाला पडद्यावरचे वाचता येत नसे, मोतीबिंदूने दृष्टी अंधुक झाली होती, पण ऐकू मात्र सगळे येई. मुलगा गेला तेव्हा आपाने तो दोन दिवस मांडीवरून खाली ठेवला नव्हता. आपल्या सुनेने घरात क्षय आणला आणि तो बाळाला दिला, असे तिच्या मनात एकदा बसले, तर ते उरलेल्या दिवसांत निघणार नाही. उरलेले दिवस असे किती असतील? त्या दिवसांसाठीच तर हे सगळे गिळले होते.

दस्तरखान, म्हणजे जेवणाचे कापड, अंथरलेला होता. आपाने चाचपत चाचपत बोरसोकची, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, परडी ठेवली होती, लोणी ठेवले होते. बुरुलचाने चहा ओतला, रीतीप्रमाणे पियाला अर्धाच भरला. पूर्ण भरला तर पाहुण्याला 'उठा आता' म्हटल्यासारखे होते, आणि आपा घरातली असूनही तिला पियाला नेहमी अर्धाच लागे, म्हणजे सुनेला पुन्हा पुन्हा ओतावा लागे आणि ती उठून जाऊ शकत नसे. 

"त्या बाईचं पुढं काय झालं गं?" आपाने विचारले.

"कुठल्या?"

"त्या पडद्यावरच्या. सशाच्या वर्षातल्या."

बुरुलचाने पियाला खाली ठेवला. "ती खरी नाही, आपा. रचलेली आहे, असं साहेब म्हणाले."

"साहेब काय, म्हणेल. मी शहाऐंशी वर्षांत रचलेली बाई पाहिली नाही. ओत." आपाने पियाला पुढे केला. "तिनं सासूला सांगितलं नसणार."

"घाबरली असेल."

"कशाला घाबरायचं? सासूला काय शिंगं असतात?" घोट घेऊन ती पुढे म्हणाली, "असतात म्हणा. मलाही होती. आता झिजली. आणि तिचं ते पोर?"

"पोराचं काय?"

"बाईच्या छातीतलंच त्याच्या छातीत गेलं का, ते लिहिलंय का कागदावर? त्या माणसानं वाचलं नाही. मी कान लावून बसले होते, पण त्यानं पुढचं वाचलंच नाही."

कोळशाची शेगडी कुठे तरी खालच्या मजल्यावर खरवडली जात होती. बुरुलचाला वाटले, हा प्रश्न आपण एकट्याच बाळगून आहोत असे आपण समजत होतो, आणि तो या घरात दोन खोल्यांत राहत होता. आपण स्वयंपाकघरात होतो तेव्हा तो हिच्याबरोबर खिडकीशी बसलेला असे. तिने घसा साफ केला.

"लिहिलंय. मी खालचं वाचलं. ती दवाखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात जंतू नव्हते. तीनदा तपासलं. पोराचं फुप्फुसच जन्मतः लहान होतं. क्षय नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

आपाने बोरसोक घेतला, मोडला आणि न खाताच तसाच हातात धरून ठेवला. तिच्या बोटांना लोणी लागले होते. मग ती म्हणाली, "म्हणजे त्या बाईनं उगाच इतकी वर्षं."

"हो."

"आणि तिच्या सासूनंही."

चहा निवत होता. इतकी वर्षे आपण या दस्तरखानाशी बसतो आणि इतकी वर्षे आपा आपल्या उजव्या हातालाच, ऐकू येणाऱ्या कानाकडे, बसते, हे बुरुलचाच्या आज पहिल्यांदा ध्यानात आले. डावीकडे खिडकी होती, तिच्याखाली हीटरची ऊब होती, म्हातारीला तीच जागा सोयीची झाली असती.

"उद्या काय आहे तुमच्यात?" आपाने विचारले.

"मतदान. ती बाई खोटी आहे असं धरून."

"मग तिनं जाऊन सांगावं."

"सांगायचं तर नाव सांगावं लागतं, आपा. नोंदीसाठी. पूर्ण नाव, आडनावासकट, तोंडानं." हे म्हणताना तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "आणि कामावर ठेवतील की नाही त्या बाईला, कोण जाणे. कानाचं तिनं तिथं कधी सांगितलेलं नाही."

आपाने हात पुसले. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता, पदके लावलेला. तिकडे तिने अंधुक डोळ्यांनी पाहिले. "मेलेला माणूस नाव घेतल्यानं रागावत नाही," ती म्हणाली. "जिवंत असतानाही तो फारसा रागावत नव्हता. रीत माझ्या सासूची होती. उद्या टीव्ही लावून जा. तो रिमोट मला सापडत नाही."

सकाळी बुरुलचाने टीव्ही लावला, आवाज वाढवला, रिमोट आपाच्या मांडीवर ठेवला आणि निघाली. रात्री तिने इतिवृत्त पूर्ण केले होते, एक शब्दही न गाळता. 'हशा'सुद्धा होता. गाळायचा मोह झाला नव्हता असे नाही. सातवे चित्र जोडले नसते तर कोणाच्या लक्षात आले नसते. पण मग खालच्या दोन ओळीही गेल्या असत्या, आणि ज्या नोंदीने आपल्याला सोडवले तिला आपणच पुसायचे हे तिला जमले नाही. इतिवृत्त तिने सभापतींच्या सहीसाठी ठेवले होते, संकेतस्थळावर अजून गेले नव्हते. रस्त्यात धूर कालच्यासारखाच होता. आपण काही करणार आहोत असे तिने स्वतःला सांगितले नव्हते. बसमध्ये जागा मिळाली, आणि त्याचाच तिला त्या सकाळी सगळ्यात जास्त आनंद झाला.

अकराला दारे लागली. खुर्ची तिरपी करून ती बसली. शामशी बाइकेंनी चष्मा काढून ठेवला. "मी रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "मतदानाआधी मला एकदा नोंदीवर हवंय. कालची ती बाई."

"पुन्हा तीच?" अझामत मुकानोविच हसले. वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर गोळ्यांची पट्टी होती, तोही थकलेला दिसत होता, आणि नमुना त्याने स्वतः निवडलाही नसेल. कोणी हाताखालच्याने सगळ्यात जुना, सगळ्यात भरलेला कागद उचलून नाव तेवढे खोडले असेल आणि रचलेला आहे असे सांगितले असेल. "बाइके, तुम्हाला ती आवडली वाटतं."

"मला ती जनावर असती तरी ओळखू आली असती. पाच खुणा सांगितल्यात तुम्ही. कळपातून एक जनावर काढायला मला तीन लागायच्या."

"नोंदीवर सांगतो, सभापती महोदया. अशी कोणी बाई अस्तित्वात नाही."

बुरुलचाने ते वाक्य पूर्ण लिहिले. अशी कोणी बाई अस्तित्वात नाही. पूर्णविराम. मग तिने नवी ओळ घेतली. प्रत्येक नव्या ओळीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव येते आणि त्यापुढे दोन टिंबे. ही तिनेच बावीस वर्षे पाळलेली पद्धत होती. तिने स्वतःचे नाव लिहिले आणि दोन टिंबे दिली. कागदावर आता एका माणसाची जागा तयार होऊन पडली होती, आणि ती तशीच ठेवली तर नोंद अपुरी राहिली असती. तिने कळफलकावरून हात उचलले. त्या खोलीत बावीस वर्षे टपटप होत असे आणि ती कोणाला ऐकू येत नसे. ती थांबली तशी सगळ्यांना ऐकू आली. बेर्मेत इसाकोव्ना मागे वळल्या.

"काय झालं, एजे? यंत्र बंद पडलं?"

"नाही," बुरुलचा म्हणाली. ती उभी राहिली. "मला बोलायचंय."

कोणी तरी खुर्ची सरकवली. सभापतींनी तिच्याकडे, बहुधा पहिल्यांदाच, नीट पाहिले, आणि मग ज्या स्वरात त्या सगळ्यांना विचारत त्याच स्वरात विचारले, "नोंदीसाठी नाव सांगा."

खोकला वर आला. तिने तो गिळला नाही, बाहेर येऊ दिला, एकदा, दोनदा, आणि तो संपेपर्यंत सगळे थांबले. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यावर लाल दिवा होता. त्याच्या पलीकडे, घरी, मांडीवर रिमोट घेऊन आपा कान लावून बसलेली होती.

"कोयचुबेकोवा," ती म्हणाली, "बुरुलचा," आणि वाकून, उभ्या उभ्याच, सवयीने ते लिहून घेऊ लागली.